पदराखालचा भाव

आमच्या पिंपळगाव रेणुकाईतले संपतराव बैलांचे दलाल. भोकरदनच्या बाजारात त्यांचा सौदा तोंडाने होत नसे. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. हा माणूस चाळीस वर्षं बोटांनीच बोलला.

करोनात बाजार बंद झाला आणि कोणाचा हात धरायचीही चोरी झाली. संपतराव ओट्यावर खांबाला टेकून बसू लागले. आधी बोलणं आटलं, मग जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. त्यांच्या घरच्या साळूबाई काळजीत पडल्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं तरी ऐकतील."

मी समोरच्या माझ्या ओट्यावरून सांगितलं, की बातम्या कमी पाहा, प्राणायाम करा, रोज चार ओळी लिहा.

"गुरुजी, मला काहीच झालं न्हाई," संपतराव म्हणाले. "हाताला करमत न्हाई."

आणि स्वतःचीच बोटं दाबत बसले. साळूबाई ते बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट पुढे ठेवलं, नवऱ्याचा हात धरला, वर पदर टाकला.

"काय करून राह्यली?"

"चार भाकरी. बोला."

"चार? जनावर समजली का मला?"

"जनावर असते तर कधीच खाल्लं असतं. तोंडानं नका बोलू, बोटानं बोला."

पदराखाली हालचाल झाली. साळूबाई हात झटकून उठल्या, अगदी बाजारातल्या मुरलेल्या गिऱ्हाइकासारख्या. संपतरावांनी पदर ओढून त्यांना परत बसवलं. अडीच भाकरीवर सौदा ठरला. अर्ध्यासाठी म्हणे करंगळीचं पेर.

मग रोज सौदे होऊ लागले. पाण्याचे हंडे किती, टीव्ही किती तास, सगळं पदराखाली. महिनाभरात संपतरावांचे गाल भरले. मला म्हणाले, "गुरुजी, ही बाजारात असती, तर मला दलाली सोडून द्यावी लागली असती."

पुढे बाजार उघडला. त्या सकाळी संपतराव रुमाल खांद्यावर टाकून निघाले, तर साळूबाईंनी दारातच हात पदराखाली घेतला. बरीच घासाघीस झाली. संपतराव हसले, साळूबाई लाजल्या.

"किती ठरलं?" मी ओट्यावरून विचारलं.

"गुरुजी," संपतराव म्हणाले, "बाजूला उभ्या माणसानं विचारायचं नसतं."