तिच्या वाट्याचं वचन

आमच्या वरठीच्या चर्चच्या मंडळीत शास्त्र मी वाचते. वीसेक वर्षं तरी झाली. वडील पाळक होते, त्यामुळे शाळेत जायच्या आधीच अर्धी स्तोत्रं मला पाठ होती, आणि उच्चार म्हणाल तर आत्ताच्या पाळकांपेक्षा माझे स्वच्छ. बढाई वाटली तर वाटू द्या, बढाईच आहे.

ती आली चार वर्षांपूर्वी. करडीकडची, बोडीत, म्हणजे गावतळ्यात, मासे धरणाऱ्या घरातली. नवरा गेलेला, पदरी एक मुलगी. मोहाडीच्या बाजारात मासे विकायची आणि रविवारी ऑटोनं उपासनेला यायची. अक्षरओळख नाही. खाली सतरंजीवर पुढेच बसायची आणि मी वाचायला लागले की तोंड अर्धं उघडं ठेवून ऐकायची. ऐकायची आणि घरी जाऊन तसं करून मोकळी व्हायची. एकदा मी दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा, तो भाग वाचला. पुढच्या रविवारी, ऐन थंडीत, ही बिनशालीची. शाल बाजारातल्या एका म्हातारीच्या अंगावर. तो भाग मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही, आणि माझ्या ट्रंकेत चार शाली आहेत.

हळूहळू असं झालं की वाचायची मी आणि लोक बघायचे तिच्याकडे. कुणाचं पोर तापानं फणफणलं की प्रार्थनेला बोलावणं तिला. पाळक व्यासपीठावरून म्हणाले, "वचन कसं घ्यावं ते आपल्या या बहिणीकडून शिका." मी बाजूलाच उभी होते, हातात उघडं शास्त्र घेऊन. मी ते फटकन मिटलं.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या सकाळी वचनाची कार्डं काढतात. टोपलीत घड्या घातलेली कार्डं असतात, प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायचं, आणि ते त्याचं वर्षाचं वचन. कार्डं मीच लिहिते. त्यातल्या एकावर माझा कायमचा डोळा. डोंगर जागचे हलले तरी देवाची माया माणसावरून हलत नाही, अशा अर्थाचं ते वचन. दरवर्षी ते लिहिताना मनात म्हणायची, यंदा तरी माझ्या हाती येऊ दे. कधी आलं नाही. त्या वर्षी ते तिला आलं.

तिनं घडी उलगडून कार्ड माझ्यापुढे धरलं. "बाई, मले वाचून द्या ना."

माझं अक्षर, माझं वचन, आणि तिचा ओला, माशांचा वास येणारा हात. मी दुसरंच वाचलं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हेच का सुचलं ते मला चांगलं माहीत होतं. तिचं आणि तिच्या थोरल्या जावेचं डोंग्यावरून, मासे धरायच्या होडीवरून, बिनसलेलं. नवऱ्यामागे डोंगा कुणाचा यावरून भांडण झालं आणि एका अंगणात राहून दोघींनी सात वर्षं एकमेकींशी शब्द काढला नव्हता. सगळ्या मंडळीला हे ठाऊक होतं.

तिचा चेहरा उतरला. तेवढ्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. पण मुलगी वाचणारी, घरी कार्ड बघेल, ही भीती. मग मी म्हटलं, "शाई फुटलीय, नीट लिहून देते," आणि तिथंच बसून नव्या कार्डावर ते खोटं वचन वळणदार अक्षरात लिहून दिलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्याकडे बाया रोजच्या भाताच्या तांदळातून मूठभर बाजूला काढतात आणि रविवारी देवाला आणतात. समेट होत नाही तोवर आपले तांदूळ वेदीपाशी न्यायचे नाहीत आणि आपणही जायचं नाही, असं तिनं ठरवल्याचं कळलं. खरं सांगते, पहिले दोन रविवार मला बरं वाटलं. लोक परत माझ्याकडे बघत होते.

मार्चात ती आली. बरोबर तिची थोरली जाऊ. जाऊ आपली चप्पल सांभाळत दाराशीच बसली, पण आली होती. पाळकांनी साक्ष द्यायला सांगितली तर ही एवढंच म्हणाली, "मी तीनदा गेली, तिनं तोंड फिरवलं. चौथ्यांदा गेली तं म्हने, बस." आणि रडायला लागली. जाऊही रडली. सगळी मंडळी रडली. मी मात्र जावेकडे बघत होते आणि मला तिचाही हेवा वाटत होता. आपल्या दाराशी कुणी चार-चारदा यावं, असं माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

पंधरा दिवस मी नीट जेवले नाही. मग स्कूटी काढून करडीला गेले. ती अंगणात जाळं सांधत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी जरा चूक झाली. ते वचन तुझं नव्हतं. चुकीचं वाचलं गेलं." वाचलं गेलं, म्हणे. जसं काही ते आपणहून वाचलं गेलं.

तिनं जाळ्याची गाठ आवळली. "मंग कोनाचं होतं वो बाई? त्या मानसाले तं भेटलंच नाही ना मंग. त्याले सांगा, लय जड हाये. पन करता येते."

"सांगते," म्हणून मी निघाले. रेल्वे फाटकापर्यंत आले. फाटक बंद होतं. ते उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी गाडी उलटी वळवली.

ती अजून जाळ्यापाशीच होती. उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. माझा डोळा असलेलं वचन तिला आलं ते, तिचा चेहरा उतरावा म्हणून मी काय वाचलं ते, शाईचं निमित्तही. ती माफ करील, अशी माझी पक्की खात्री होती. तिच्या चांगुलपणाचा चार वर्षं जळफळाट केला होता, आता तो माझ्या उपयोगी पडणार होता.

 "मी अडीच महिने देवाच्या घरी नाही आली, बाई," ती म्हणाली. "तुमी तिथं दर रविवारी वाचत होत्या." मग जाळं खाली ठेवून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. दार उघडलं नाही. गेल्या रविवारी मी पाळकांना सांगितलं, काही दिवस शास्त्र दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. त्यांनी कारण विचारलं, तर म्हटलं, आधी एकीशी समेट करून येते, मग सांगते. उद्या बाजाराचा दिवस नाही, ती घरीच असेल. मी परत जाणार आहे.