सड्यावरच्या तळ्यात मारलेले बॉल

मग काय करायला हवं होतं मी? बोला ना. आता गप्प का? तोंड उघडायला नको होतं म्हणणारे तुम्हीच, आणि आधीच का नाही उघडलं म्हणणारेही तुम्हीच. तुम्ही नव्हतात तिथं. त्या दगडाला कान लावून तुम्ही काही ऐकलेलं नाही. तेव्हा आधी सगळं ऐका, वाट कशी जाते तेही ऐका, हौस असेल तर जाऊन या, आणि मग भांडा.

बाबल मला खाणावळीत भेटला. गिरगावात मी जेवतो तिथंच तो जेवायचा. मालवणकडचा, चाळिशीचा, हाडकुळा. मुंबईत गोल्फच्या मैदानावर कॅडी. साहेब बॉल मारणार, आणि हा काठ्यांची पिशवी खांद्याला लावून मागून चालणार, हरवला तर शोधणार. एकदा जेवण झाल्यावर त्यानं खिशातून एक पिवळट बॉल काढला, जिन्याच्या फरशीवर टाकला, कान तिरका करून आवाज ऐकला.

"म्हयनोभर पाण्यात होतो ह्यो," म्हणाला. "पाणी प्यालो. आता सायबाक उपेगाचो नाय. कितीय मारा, आधीच पडतलो."

असले पाणी प्यालेले बॉल त्याला फुकट मिळायचे. दसरा झाला की पिशवीभर घेऊन तो गावी जायचा. कशाला, विचारलं तर हसायचा. त्या वर्षी मात्र तोच म्हणाला, "तुमी येवा माज्यावांगडा. माका एक माणूस होयो. गावातलो कोण थंय बसाक तयार नाय."

नोकरीत मन नव्हतं, लिहिलेलं सगळं कुणाचं तरी उष्टं वाटत होतं. रजा टाकली.

बोटीनंच जा. पावसाळ्यात बंद असते, दसऱ्याच्या सुमाराला सुरू झालेली असते. डेकचं तिकीट कुणालाही परवडेल, पण सतरंजी आणि लिंबू न्या, आणि वाऱ्याची बाजू बघून बसा, नाहीतर पुढच्याची ओकारी तुमच्या अंगावर. उजाडता उजाडता मालवणच्या बाहेर नांगर पडला. तिथून काठावर नेणाऱ्या पडावात उतरायचं. दोघंजण तुम्हाला दंडाला धरून उचलतात आणि टाकतात, नारळाचं पोतं टाकावं तसं. बंदरावर गरम भजी मिळाली. मग उत्तरेला पाच मैल चाल, मधे एक खाडी, ती होडीनं. राहायला कुणाच्या घरीच राहावं लागेल, आणि ते लोक पैसे घेणार नाहीत. चहापूड आणि साखर न्या.

बाबलच्या घरात त्याची म्हातारी आई आणि वहिनी. घराला स्वतःची होडी. वहिनीनं पेज वाढली, वर भाजलेला सुका बांगडा. तिशीच्या आतबाहेरची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"मुंबैकार पेज खातत?" तिनं विचारलं.

"खातो की."

"मगे वाडतंय आनी. पळान गेलास तर पोटात कायतरी आसूदे."

मी हसलो. बाबल हसला नाही.

दुपारी त्यानं मला सड्यावर नेलं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. झाड नाही, सावली नाही, जळल्यासारखा काळा कातळ, त्याच्या भेगांतून पावसानंतरची इवली निळी फुलं. मधोमध तळं. पाणी हलत नव्हतं, पण मधल्या एका जागी ते जरासं खाली दबलेलं होतं, उशीत डोक्याचा खळगा राहतो तसं.

"थंय बीळ आसा," बाबल म्हणाला. "पाणी आत जाता. खंय भायेर पडता ता कोणाक ठावक नाय."

चार पावसाळ्यांमागं त्याचा थोरला भाऊ दत्ता सुटलेली म्हैस शोधायला वर आला होता. म्हैस परत आली. दत्ताचं इरलं तळ्याच्या काठावर सापडलं. अर्धा गाव म्हणाला, बुडाला. उरलेला अर्धा म्हणाला, कसला बुडतोय, इरलं ठेवून बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात पळाला, त्याचं तिकडं काहीतरी होतंच. प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हणून दिवस घातले नाहीत. दिवस नाहीत म्हणून तो अजून मेलेला नाही. जिवंतही नाही.

"लाकूड टाकलंय तर तरंगता," बाबल सांगत होता. "धोंडो टाकलंय तर पडल्या जाग्यार बसता. ह्यो बॉल बुडता, पण बसणा नाय. पाण्याच्या ओढीवांगडा तळातसून चलता. बुडालेलो माणूस पयलो असोच जाता."

मैदानावर एका डबक्यात पडलेला बॉल त्याला रस्त्यापलीकडच्या गटारात सापडला होता. तिथून त्याच्या डोक्यात हे शिरलं. खाली किनाऱ्यावर खडकाच्या पायथ्याला गोड्या पाण्याचा झरा आहे, ओहोटीलाच उघडा पडतो. त्याचा संशय त्या झऱ्यावर. पण बॉल बिळात टाकायचा आणि त्याच वेळी खाली उभं राहायचं, हे एका माणसाला जमत नाही. आणि झऱ्यावर आसरांचा, पाण्यातल्या देवतांचा, वास, म्हणून गावातलं कुणी तासभर बसत नाही.

तळ्यात उतरायचं नाही, काठचं शेवाळ माणसाला सरळ आत नेतं. म्हणून साहेबाच्या जुन्या काठीनं बॉल मारायचा. त्यासाठी त्यानं किनाऱ्यावरची ओली वाळू वर आणली होती, चिमटीनं तिची टेकडी करून त्यावर बॉल ठेवला. नुसत्या कातळावरून मारला तर काठी मोडते. पहिला बॉल आखूड पडला, कोरड्या जांभ्यावर आपटून पिसाळल्यासारखा आडवा उधळला, दोन उड्यांत दिसेनासा. दुसरा काठच्या चिखलात गेला. नुसता चप् असा आवाज, उडी नाही, काही नाही. तिसरा उंच चढला आणि बरोबर त्या खळग्यात पडला. पाणी उडालंसुद्धा नाही.

"आता कान लावा," बाबल म्हणाला.

मी पालथा पडून कातळाला कान लावला. दगड तापलेला, आणि त्याच्या पोटात गार पाणी चाललेलं ऐकू येत होतं. मग टक्. थांबून, आणखी लांबून, टक्. घर झोपलेलं असताना आतून कुणीतरी दार वाजवावं तसं. मी उठलो आणि तळ्यापासून चार पावलं मागं सरलो. भर दुपारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. बाबलनं पाच बॉल घेतले, चाकूनं प्रत्येकावर चार खाचा पाडल्या. दर वर्षाला एक खाच, यंदाच्या चार. मी खाली झऱ्यावर. कड्यावरून त्यानं पंचा हलवला: मारले.

मी बसलो. समुद्र बराच मागं गेलेला, खडकाखाली हातभर जागेत वाळू उकळत होती, पण पाणी बर्फासारखं. चाखलं. गोड. पेज शिजायला लागतो तेवढा वेळ गेला. मग झऱ्याला उचकी लागली. पाणी थांबलं, पुन्हा आलं, थांबलं. आणि वाळूतून एक पांढरं टक्कल वर आलं, हळूहळू, बघत बघत आल्यासारखं, आणि गडगडत माझ्या पायाशी येऊन थांबलं.

चार खाचा.

मी वाकलो, तेवढ्यात दुसऱ्याच हातानं तो उचलला. हिरव्या बांगड्या. वहिनी कळशी घेऊन पाण्याला आली होती. शिंपला उचलावा तशा सहज तिनं बॉल उचलला आणि कळशीत टाकला.

"वहिनी, तो..."

"बघलास ना? बरा झाला. आता हयसर येवा."

खडकात भरतीच्या रेघेच्या वर एक कपार होती. तिनं आतला दगड सरकवला. आत बॉल होते. एका खाचेचे, दोन खाचांचे, तीन. काही इतके झिजलेले की साल निघून आतल्या रबराचे दोरे लोंबत होते. आणि त्यांच्यामधे, काळा पडलेला, पुरुषाच्या कमरेचा चांदीचा करगोटा.

"ह्यो पयल्याच वर्सा इलो," ती म्हणाली. "बॉलांच्या आधी. हयसरच बसान रडलंय. मगे तोंड धुतलंय आनी पाणी घेवन घराक गेलंय."

"मग सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की शिकून मी काय शिकलो कोण जाणे. "होडी पयली दर्यात घालतत तेवा तिच्या तोंडाक, नाळीक, कुकू कोण लायता? मिया. रांडवेन हात लावलेली होडी कोण भायेर काडणा नाय. माका पोर नाय, माह्यारात कोण उरूक नाय. कुकू पुसला काय त्या घरात माजा काम संपला. सासू वायट नाय. पण मागल्या दारी बसयतली, आनी मिया बसतलंय."

वरून बाबलची हाक आली. शब्द कळत नव्हते, वाऱ्यानं नुसती ओढ येत होती.

"भावजींका सांगा नुको," ती म्हणाली. "तुमी लिवतास म्हणतत. लिवा खुशाल. लिवलेला हयसर कोण वाचता?" आणि हसली. कळशी कमरेवर घेऊन, आत बॉल खडखडवत, ती वाळूवरून चालत गेली. झऱ्याला पुन्हा उचकी लागली. मी थांबलो नाही.

वर बाबल तळ्याकाठी उभा होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "इलो?"

"नाही."

"एकव नाय?"

"एकही नाही, बाबल."

त्यानं काठी खाली ठेवली. चेहरा कसा झाला सांगता येत नाही; दुःख असेल अशी माझी अपेक्षा होती, पण ते दुःख नव्हतं. उरलेला दिवस त्यानं मला मालवणचा किल्ला दाखवला, हौसेनं. किल्ला बघण्यासारखा आहे, होडीनं जावं लागतं, नावाड्याला आधी विचारून घ्या. रात्री बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. वहिनीनं मला आग्रहानं वाढलं. तिसऱ्या दिवशी मी बोटीत बसलो. बाबल दिवाळीपर्यंत राहणार होता.

काय उरलं म्हणाल तर, कान. मुंबईत माझ्या खोलीत, वरच्या मजल्यावर कुणाचं भांडं पडलं तरी मी उठून बसायचो. दुसऱ्या टक् ची वाट बघायचो. लिहायला बसलो की कागदावर ते पांढरं टक्कल हळूहळू वर यायचं. स्वतःशी म्हणायचो, एका बाईचं कपाळ राखलं, यात वाईट काय?

दिवाळीनंतर एका सकाळी बाबल खोलीवर आला. नवं धोतर, हातात गाठोडं. खाटेवर बसला. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"नोकरी सोडलंय," म्हणाला.

"का रे?"

"तुमच्यामुळा! चार वर्सा माका समाजना नाय होता. बॉल येना नाय, म्हणजे थंयसून भायेर वाट नाय; पडलेलो आसतो तर तळ्यातच वर इलो आसतो, म्हणजे तो थंय पडूकच नाय. जितो आसा! गोयांत आसा. हद्द बंद झाली, तेका परत येवक गावना नाय. मिया जातंय हाडूक."

"हद्दीवर पोर्तुगीज शिपाई गोळ्या घालतात, बाबल."

"घालतत. बांद्याचो एक जण वाट दाखवतलो, रानातसून. पाखले सगळीकडे थोडेच आसतत?" तो हसला. "वयनीक सांगलंय, घोवाक घेवन येतंय. ती कायच बोलाक नाय. आनंदान गप झाली आसतली."

ती गप्प बसली. तेवढं मला ऐकू आलं.

आता बोला. तुम्ही काय केलं असतं? एका बाजूला कुंकू, दुसऱ्या बाजूला हा, नवं धोतर नेसलेला. विचार करायला मला तुमच्याएवढा वेळ नव्हता. त्याची बोट दहाची होती.

मी उभा राहिलो. सदरा अडकवला. चपला घातल्या. बाबल खाटेवरून माझ्याकडं बघत होता, मी त्याला बंदरावर पोचवायला निघालोय असं त्याला वाटलं असावं.

"बॉल आला होता," मी म्हटलं. "तिथंच, झऱ्यात. चार खाचांचा. मी डोळ्यांनी पाहिला. दत्ता गोव्यात नाही, बाबल."

तिचं नाव घेतलं नाही. करगोट्याचंही नाही. त्याचं तोंड उघडलं, पण खोली माझी असून दाराबाहेर मीच पडलो, आणि जिना उतरताना एकदाही थांबलो नाही.