दारावरचा पडदा

त्या दुष्काळात मी बीडच्या एका दुकानात प्रोजेक्टर बसवायचं काम करत होतो. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं ही आमची गिऱ्हाइकं. घरात सिनेमाची खोली करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, आणि तो निघाला आष्टी तालुक्यातल्या आमच्याच गावचा, दूध संस्थेचा चेअरमन. गावाबाहेरची जनावरांची छावणी त्याच्याच संस्थेनं चालवायला घेतली होती. माझी आई आमची म्हैस घेऊन तीन महिन्यांपासून त्या छावणीत राहत होती.

बंगल्यावर जाण्याआधी मी तिला भेटलो. म्हशीच्या फासळ्या वर आल्या होत्या.

"पेंड न्हाई देत का?" मी विचारलं.

"वरनंच येत न्हाई म्हणतेत. नुसती उसाची वाढं टाकतेत. ती खाऊन तोंड आलंय तिचं."

चेअरमनची खोली तळमजल्यावर होती. भिंतींना काळपट रंग, मऊ सोफे, एसी चालू. आत पाऊल टाकल्याबरोबर आंबूस वास आला. मला वाटलं, रंग ओला असेल. सोफ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावला तर जेमतेम दहा फूट. मी शंभर इंची पडदा सुचवला. पांढऱ्या आणि राखाडी कापडाचे तुकडे भिंतीशी धरून दाखवले. चेअरमनच्या बाईंना पांढरा आवडला. चेअरमननं कापडाकडं बघितलंच नाही.

"सगळ्यात मोठा कोणता?"

"मोठा घेतला तर मान दुखेल, साहेब. इतक्या जवळून डोळ्यांनाही त्रास होतो."

"होऊ दे."

"मग वर गुंडाळणारा तरी घ्या. एरवी भिंत मोकळी राहील."

"गुंडाळायचा न्हाई. चौकटीत ताणून पक्का बसव. ती भिंतच झाकायची हाय."

भिंतीवर एक सतरंजी टांगलेली होती. बोल्ट कुठं घेता येतील ते बघायला मी ती बाजूला केली. मागं दार होतं. दाराच्या बाजूची भिंत किती जाड आहे ते बघावं लागेल, असं मी म्हणालो. चेअरमननं स्वतःच कडी काढली.

आत छतापर्यंत पोती रचलेली होती. पोत्यांवर संस्थेचा शिक्का, खाली 'छावणीसाठी' असे निळे शब्द. खालची पोती फुटली होती. त्यातली पेंड काळी-हिरवी पडून तिचे गोळे झाले होते, त्यांवर केसाळ बुरशी, आणि पांढऱ्या अळ्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या. वास घशात बसला. मी तोंडावर रुमाल धरला.

"छावणीची पेंड ना ही?"

"व्हती," तो म्हणाला. "भाव चढंल म्हणून थांबलो, तर वरची टाकी पाझरली. आता बाहेर काढावी तर गावातनं न्यावी लागंल. लोक बघतेत. पाऊस पडू दे, मग बघू. तू आपल्याच गावचा, बाहेर बोलणार न्हाईस."

गावात टँकरला आठ-आठ दिवस लागत होते, आणि इथं टाकी पाझरून पोती कुजली होती. तेवढ्यात बाईंनी सोफ्यावरून विचारलं, "वास अडंल असा पडदा येतो का हो?"

"येतो," मी म्हणालो. "मागं रबराचा थर असलेला. कडेनं पट्टीही मारून देतो."

ते शब्द माझ्या तोंडून अगदी सहज निघाले, दुकानात रोज निघतात तसे. त्या अळ्यांची किळस मला आली होती, पण स्वतःची आली ती जास्त टिकली.

दोन दिवसांनी मी पडदा बसवला. दार पुरतं झाकलं गेलं. बाईंनी दुधाचा पेला पुढं केला. मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि निघालो. नंतर ड्रिलचं खोकं उघडलं की बरेच दिवस तो आंबूस वास यायचा. त्या दिवशी परतताना मी छावणीवरून गेलोच नाही. दुसऱ्या रस्त्यानं बीड गाठलं.

पाऊस पडला, छावणी उठली. म्हैस जगली, पण पुन्हा गाभण राहिली नाही. मी आईला सांगितलं ते वर्षभरानं, ती भाकरी थापत असताना. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "पेंड सरकीची व्हती का?"

"हो."

"वरची पोती तरी चांगली असतील. वाळवून घातली असती."

तिनं भाकरी उलटली. मग विचारलं, "अन् तू पडदा बसवला?"

"बसवला."

तिनं माझं ताट वाढून पुढं सरकवलं आणि उठून बाहेर म्हशीकडं गेली. मी जेवत असताना ती समोर बसली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.