रान चांगलं हाय

इमामचाचांबद्दल आज दिवसभर लोक जे बोलले ते खरं नाही. ते खरं नाही हे त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत आहे, आणि म्हणून सगळं घर झोपलं तरी मी जागी आहे.

इमामचाचा हे माझ्या सासऱ्यांचे ड्रायव्हर. सासरे, मानसिंगराव, पिंपळीचे बागायतदार. ऐंशीच्या दशकात त्यांनी निळी फियाट घेतली आणि ती चालवायला इमामला ठेवलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे थकले होते, फियाट गोठ्याशेजारच्या शेडमध्ये धूळ खात होती आणि चाचांनी बारामतीत स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. पण त्या गाडीचं आणि चाचांचं नाव मी माहेरी, इंदापुरात, लहानपणापासून ऐकलं होतं. ते 'सरळ'मुळे.

आता हा शब्द समजावून सांगावा लागतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं हटलं की इंदापूरच्या बाजूला गाळाची लांबच लांब सपाट जमीन उघडी पडते. ती वाळून टणक झाली की तिच्यावर गाड्या पळवायचे. वळण नाही, फेरी नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं, आणि पलीकडच्या निशाणापाशी जो आधी पोचेल तो जिंकला. शर्यत हा शब्द बैलगाड्यांसाठी राखलेला होता. ही नुसती सरळ. "औंदा सरळ कवा हाय?" असं माझ्या वडिलांना रस्त्यात लोक विचारायचे.

गाड्या मालकांच्या असत, पण लोकांच्या तोंडी नावं ड्रायव्हरांचीच. भिगवणच्या मॅटॅडोरचा ड्रायव्हर सुटण्याआधी चपला काढून टपावर ठेवायचा. नंतर त्या शोधायला अर्धं गाव पसरायचं. एका डॉक्टरांच्या अँबॅसिडरचा ड्रायव्हर पहिल्यापासून शेवटपर्यंत हॉर्न वाजवत जायचा, आणि लोक ओरडायचे, "बाबा, हितं बाभळ न्हाय, कुणाला बाजूला सारतोस?" पण खरी सरळ लागायची ती पिंपळीची निळी फियाट आणि वरकुट्याची बिनटपाची जीप यांच्यात. फियाटवर इमाम, जीपवर सावळाराम. दोघं एकमेकांना भर चौकात शिव्या देत आणि एकाच ताटलीतली भजी खात.

सरळची एक रीत होती. हा गाळ वरून दगडासारखा दिसतो, पण कुठं कुठं पापुद्र्याखाली ओल तशीच असते, आणि चाक तिथं रुतलं की गाडी उलटलीच. म्हणून सुटण्याआधी गाडीच्या वाटेची सगळी पट्टी अनवाणी चालून बघायची. पण स्वतःची नाही, समोरच्याची. आपली पट्टी माणूस घाईनं चालतो, 'असू दे' म्हणतो. समोरच्याच्या जिवाची जबाबदारी अंगावर आली की टाच नीट दाबतो. तोवर समोरच्याच्या गाडीची किल्ली चालणाऱ्याकडे असायची. चालून परत आल्यावर त्यानं "रान चांगलं हाय" म्हणायचं आणि किल्ली हातात द्यायची. नाही म्हणाला तर त्या दिवशी ती गाडी सुटायची नाही. त्यावर वाद नाही, फेरतपासणी नाही. शब्द म्हणजे शब्द.

एका वर्षी, ऊस हंगामाच्या शेवटी, इमामनं सावळारामची पट्टी चालून पाहिली, रान चांगलं हाय म्हणाला आणि जीपची किल्ली दिली. जीप निम्म्याच्या पुढं गेली असेल, आणि कुठं काही नसताना हळूहळू तिरकी होत गेली आणि उलटली. इमामनं फियाट तिथंच सोडली आणि पळत गेला. सावळाराम इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही. लोकांनी नंतर ती जागा खणून पाहिली. रान कोरडं होतं. इमामला कुणी बोल लावला नाही.

पण तो पुन्हा सरळमध्ये उतरला नाही. पुढं सरळही बंद पडली. वरकुट्याच्या मालकानं जीप भंगारात काढली तेव्हा इमामनं ती विकत घेतली, ठोकून सरळ केली आणि गॅरेजच्या कामाला लावली. बिबीजानचाची, चाचांच्या पत्नी, त्या जीपमध्ये कधी बसल्या नाहीत. बाजाराला रिक्षानं जायच्या.

आमच्या ऋषिराजनं, माझ्या मुलानं, हे सगळं गोष्टीसारखं ऐकलं. पुण्याहून इंजिनियर होऊन आला आणि आधी शेडचं दार उघडलं. फियाट उभी करायला त्याला सगळा हिवाळा गेला. तिकडं चाचांचा नातू हारिस त्या जीपला लागला. मग दोघांनी ठरवलं की या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा घ्यायचा, जुन्या ड्रायव्हरांना बोलवायचं, जे गेले त्यांचे फोटो मांडायचे, आणि शेवटी फियाट विरुद्ध जीप अशी एक सरळ, जुन्या रीतीनं.

माझं खाणंपिणं त्या दिवसापासून गेलं. ऋषिराजच्या वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, हेल्मेट घालणार आहे, पट्टा लावणार आहे, तू कशाला जीव खालीवर करतेस. मग मी गॅरेजवर गेले. या वेळी पट्ट्या पोरांनी नाही, समोरच्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी चालायच्या असं ठरलं होतं, म्हणून ऋषिराजची पट्टी चाचाच चालणार होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही एवढंच म्हणा की रान खराब आहे. एका वाक्यानं माझं पोर वाचेल.

चाचा हातातला पाना पुसत राहिले. "सूनबाई, दुसरं कायबी सांगा. फियाटचं इंजिन उतरवून लपवून ठिवू का? पर रानाबद्दल खोटं बोलाया सांगू नका."

"लपवत्याल की," चाची आतून म्हणाल्या. "सवताचा चष्मा लपवलाय, दोन दिस झालं, अजून घावंना."

मी हसले नाही. परत येताना वाटलं, या माणसाला नुसती शब्दाची पडली आहे.

आज सकाळी मेळावा झाला. ऊन चढायच्या आत माणसं जमली होती. फोटोंना हार घातले होते. सावळारामचा फोटो मधोमध. मॅटॅडोरचे ते चपलावाले ड्रायव्हर नातवाच्या मोटरसायकलवर बसून आले होते, आणि कुणीतरी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो चपलांचाच. मी यातलं निम्मं ऐकलं नाही. ऋषिराजकडे बघत होते. गेले किती तरी दिवस शेडमधला दिवा पहाटेपर्यंत जळत होता. मीच त्याला चहा नेऊन देत होते. आज निघताना त्याच्या हातातून कप पडला, आणि मी म्हटलं, घाई करू नकोस.

हारिसची पट्टी आमच्याकडून कुणी चालायची असा प्रश्न आला. ऋषिराजच्या वडिलांचा गुडघा दुखतो. हारिसच म्हणाला, "काकी, तुमी चाला. तुमच्यापेक्षा जास्त भिऊन कोण चालणार?" लोक हसले आणि जीपची किल्ली माझ्या हातात आली.

मी चप्पल काढली आणि चालू लागले. जमीन तळव्याला गरम आणि खरखरीत लागत होती. जाताना मनात एकच चाललं होतं: हारिसचं रान खराब म्हटलं की जीप थांबली, आणि जीप थांबली की फियाट एकटी पळून काय करणार? एक शब्द. पण परत आले तेव्हा हारिस हात पुढं करून उभा होता आणि माझ्या तोंडाकडं असा बघत होता की जणू माझ्या पावलांवरच त्याचा जीव जाणार किंवा राहणार आहे. मी म्हणाले, "रान चांगलं आहे." किल्ली दिली.

चाचा सावकाश आले. आमच्या पट्टीच्या शेवटापर्यंत गेले होते, दोनदा खाली बसून हात लावला होता. ऋषिराज फियाटच्या बॉनेटला टेकून उभा होता. चाचांनी त्याला नावानं हाक मारली. तो हलला नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा दचकून सरळ झाला. चाचा त्याच्याकडं थोडा वेळ बघत राहिले. मग किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"रान चांगलं न्हाय," ते म्हणाले.

रीत म्हणजे रीत, कुणी वाद घातला नाही. पण मागून एकजण म्हणालाच, "व्हय आबा, नातू हरायला लागला की रान ओलं हुतंय." त्यावर जे हसणं झालं ते अजून माझ्या कानात आहे. हारिसनं मान खाली घातली. ऋषिराज फियाट ट्रॅक्टरला बांधायला सांगून आमच्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसला. तासाभरात मैदान रिकामं झालं.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण टिकलं नाही. मी आमच्या पट्टीवरून चालत गेले. टाच दाबली, मग जोरात आपटली. जागोजागी. दगड. कुठंही ओल नव्हती. मागं वळले तर चाचा उभे होते.

"रान चांगलंच हाय, सूनबाई," ते म्हणाले. "पोराची झोप झाली न्हाय."

ते माझ्याशेजारी खाली बसले.

"सावळ्याचंबी रान चांगलं हुतं. दोन रात्री ऊस ओढून आला हुता, डोळं लाल. मला तवा दिसलं. पर रीतीत रानाचंच इचारत्यात, माणसाचं कोण इचारतंय? मी रान चांगलं हाय म्हनलो आन् किल्ली दिली."

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर खरं का नाही सांगितलं?

"पोराला चारचौघांत खाली बघाया लागलं असतं. माझं काय, म्हातारं नातवापायी खोटं बोललं म्हनत्याल. म्हनू द्या." खिशावर हात ठेवून ते म्हणाले, "किल्ली हाय माझ्यापाशी. झोपू द्या त्याला. मग धाडा न्यायला."

ऋषिराज घरी आला तो न जेवता आडवा झाला. झोपण्याआधी एवढंच म्हणाला की चाचांकडून ही अपेक्षा नव्हती. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. तो जागा राहिला असता, रागानं पुन्हा शेडमध्ये गेला असता, म्हणून नाही सांगितलं. मला खरंच तसं वाटलं, की मी पुन्हा एकदा घाबरले, ते मला ठरवता येत नाही. आत्ता जाऊन पाहून आले. हातांना ग्रीस तसंच आहे, तोंड उघडं आहे, लहानपणी झोपायचा तसा झोपला आहे.

तो उद्या किल्ली आणायला निघेल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सरळ लावेल. ते मला थांबवता येणार नाही हे मला कळून चुकलं आहे. पण उद्या मी त्याच्याबरोबर जाणार आहे. गॅरेजच्या दारात, हारिस आणि चाची ऐकत असताना, मी सांगणार आहे की काल रान चांगलं होतं. आणि पुढच्या रविवारी त्याला किल्ली देण्याआधी चाचांनी रानाबरोबर त्याचे डोळेही बघावेत, असं त्यांना म्हणणार आहे.

चाचा रागावतील. रागावू देत.