वाढवून घेतलेली सुट्टी

सांगलीच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. दरवर्षी नीतिशास्त्राच्या पेपरात ‘सुख म्हणजे काय’ हे प्रकरण येतं आणि दरवर्षी मी तेच सांगते. ग्रीसमधला एक जुना विचारवंत म्हणतो, दुखणं आणि काळजी नसली की झालं, तेच सुख. दुसरा म्हणतो, सुख घटकाभराचं नसतंच, सबंध आयुष्य कसं गेलं त्यावर ते ठरतं, तेव्हा जिवंत माणसाला सुखी म्हणायची घाई करू नये. आपल्याकडचे सांगतात, इच्छा कमी करा. मुलं हे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मलाही आता कंटाळा आलाय. शनिवारी शेवटचा तास संपवून रहिमतपूरची रेल्वे पकडते, तेव्हा खिडकीजवळ टेकायला जागा मिळाली तरी मला पुष्कळ वाटतं.

रहिमतपूरजवळच्या गावात माझी आई असते. वडील, म्हणजे आमचे दादा, मिलिटरीत होते. त्यांना दिवाळीत सुट्टी मिळाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं आमची दिवाळी पंचांग बघून यायची नाही, दादा येतील तेव्हा यायची. सगळं गाव फटाके उडवत असायचं आणि आई चुलीवर पिठलं हाटत असायची. मग कधी शिमगा झाल्यावर, कधी आंबे पाडाला लागल्यावर, दादा ट्रंक घेऊन स्टेशनवर उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला उटणं लागायचं. चकलीचा वास बाहेर गेला की गल्लीतली माणसं हसायची. आईला त्याचं काही वाटायचं नाही. भाजणी कधी करायला मिळते, याकडे ती वर्षभर डोळे लावून असायची.

दादा पेन्शनीत निघाले आणि आमची दिवाळी चार लोकांच्या दिवाळीबरोबर यायला लागली. फराळ तोच, करणारी तीच. पण आई पहिल्यासारखी फुलायची नाही. दोघं उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडायची, औषधं घ्यायची विसरली म्हणून एकमेकांवर चिडायची. चारचौघांचा होतो तसा संसार झाला.

मग आईच विसरायला लागली. आधी डबे, नंतर माणसं, आणि पुढं मधली सगळी वर्षंच तिच्या डोक्यातून गेली. रोज सकाळी दादा सोप्यात बसलेले दिसले की तिचा चेहरा उजळायचा.

‘आवं, कवा आलासा?’

‘रातच्या गाडीनं.’

‘सुट्टी किती हाय?’

‘वाढवून घेतलीया.’

हे रोज चालायचं. दुपारच्या झोपेनंतर पुन्हा. माझं डोकं उठायचं. वर्गात मी मुलांना विचारते, सगळं खोटं, पण जन्मभर सुखात ठेवील असं काही मिळालं तर घ्याल का? बहुतेक मुलं नाही म्हणतात आणि मी खूश होते. शेवटी एकदा दादांना म्हणालेच, ‘तिला खरं सांगा की. तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली.’

दादा शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. ‘तुला काय करायचंय गं? नोकरीत हुतो तवा वर्सातनं एकदा माझ्याकडं अशी बघायची. आता रोज बघती.’



गेल्या वर्षी माघात दादा गेले. सकाळचा चहा घेतला आणि बसल्या जागीच. आई आलेल्या बायकांबरोबर रडली आणि तेराव्याच्या आत विसरली. शेजारच्या घरात चुलती राहते, आठवडाभर आईचं तीच बघते. तिचं म्हणणं पडलं, बाईला आपला नवरा गेलेला ठाऊक नको? तिनं आईला समोर बसवून सांगितलं. आईनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. संध्याकाळी मला विचारत होती, ‘ह्यांचं पत्र आलं का गं?’ चुलतीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच हंबरडा. मग मी चुलतीचा हात धरला. म्हटलं, ‘काकू, बास. माझ्या आईनं कितीदा विधवा व्हायचं?’

तेव्हापासून दादा ड्यूटीवर आहेत. सुट्टीचा अर्ज केलाय, मंजूर व्हायचाय. हे सांगणारी मीच. आता वर्गात तो खोट्या सुखाचा प्रश्न आला की मी उत्तराची वाट न बघता पान उलटते. आई सुखी आहे का, मला सांगता येत नाही. ती वाट बघते आणि वाट बघणं तिला चांगलं येतं. मी मात्र फार दमले आहे. दर शनिवारी तेच खोटं नव्यानं बोलायचं, चेहरा सरळ ठेवून, आणि दादांसाठी रडायचं ते जाता-येता रेल्वेत.

परवाच्या शनिवारी पोचले तर तिनं चुलतीकडून भाजणी दळून आणवली होती. ऐन वैशाखात. मी सोऱ्या घेतला आणि चकल्या पाडायला बसले. घाम डोळ्यांत उतरत होता. आई कढईपासून लांब खुर्चीवर बसून बघत होती. पहिल्या घाण्यातल्या चकल्या तिनं वेगळ्या डब्यात ठेवायला लावल्या, दादांना परत जाताना ट्रंकेत द्यायला. मग माझ्याकडं वळली.

‘लय दमलीयास गं बाय.’

‘नाही गं.’

‘ते आलं की तू जा. मी हाय, ते हायत. जा आन निवांत झोप.’

तेलाचा धूर व्हायला लागला होता, मी गॅस बारीक केला. इतकी वर्षं सुख शिकवणाऱ्या मला त्या घटकेला दुसरं काही नको होतं. दादांनी यावं, ट्रंक सोप्यात टेकवावी आणि म्हणावं, जा तू आता, सुट्टी वाढवून घेतलीया.