घंटा आणि घड्याळ

शिपाईबाईच्या डाव्या मनगटावर दातांचा वण आहे. कुणी विचारलं तर कुत्रं चावलं म्हणून सांगते. बिचाऱ्या कुत्र्यावर कशाला आळ? चावली ती चौथीतली मुलगी. तिला बोलता फारसं येत नसे, पण हातपाय भारी चालत. माझी पोर सगळ्यांच्या वर्गातच शिकेल, हा तिच्या आईचा हट्ट. आणि ती बिथरली की धरून ठेवायचं काम शिपाईबाईच्या गळ्यात.

बिथरायची ती मधल्या सुट्टीच्या घंटेला. रोज नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा. बाक उलटा करायची, हाती लागेल त्याला ओरबाडायची. उजवा हात मात्र सारखा भिंतीकडे फेकायची. शिपाईबाई तिला खाली पाडून नेमका तोच हात पाठीमागे पिरगाळायची आणि कुणी बघत नसलं तर दोन धपाटेही घालायची. बावीस वर्षं शाळा तिच्या घंटेवर उठत-बसत होती. तिला कोण शिकवणार?

बुधवारी मुलीने कंपासपेटी भिरकावली. शेजारच्या पोराची भुवई फुटली, वहीवर रक्ताची धार लागली. शिपाईबाईने मुलीला फरशीवर असं दाबलं की तिचाही ओठ फाटला. हेडमास्तरांनी दोन्ही घरी निरोप धाडले आणि वर्गशिक्षिकेला सांगितलं, आजच हिचं नाव कमी करा.

वर्ग रिकामा झाल्यावर शिपाईबाई गुडघ्यांवर बसून रक्त पुसू लागली. मुलीला दाबलं होतं तिथेच. फडकं पिळताना तिची मान वर झाली. मुलगी हात फेकायची त्या भिंतीवर घड्याळ होतं.

शिपाईबाई मनाशी एकेक दिवस आठवू लागली. हेडमास्तरांकडे पाहुणे असले की चहाची घाई, म्हणून ती घंटा पाच मिनिटं आधीच उरकायची. पाच मिनिटांनी कुणाचं काय अडतं? आज पाहुणे होते. गेल्या शुक्रवारीही होते. चावली त्या दिवशी तर तपासणीचे साहेब आले होते. घंटा वेळेवर झाली की हीच पोर काट्यावर नजर ठेवून मुकाट डबा काढायची.

ती ऑफिसात धावली तेव्हा जखमी पोराच्या बापाने मुलीची वेणी मुठीत धरली होती आणि आई त्याची बोटं सोडवत होती. बापाने दुसरा हात उगारला. शिपाईबाई मध्ये घुसली. थप्पड तिच्या कानशिलात बसली.

"पोरीचं नाव काढू नका," ती हेडमास्तरांना म्हणाली. "घंटा मी आधी वाजवते. ती घड्याळ दाखवायची, अन् मी तिचा हात पिरगाळायचे. मारलंय मी तिला, खूपदा."

आईने एकदा लेकीच्या फाटक्या ओठाकडे पाहिलं. मग पुढे आली आणि शिपाईबाईच्या दुसऱ्या गालावर तिने काडकन लगावली. शिपाईबाईने हात वर केला नाही.

मुलीचं नाव पटावर राहिलं. गुरुवारी मधल्या सुट्टीआधी शिपाईबाई वर्गाच्या दारात येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. तिला पाहताच मुलीने उजवा हात पाठीमागे लपवला आणि ती बाकाखाली शिरली. शिपाईबाईने जाऊन घंटा अगदी ठरल्या मिनिटाला दिली. पोर बाहेर आली नाही.