मोनॅकोची बशी

गेली बावीस वर्षं मी बेल्जियम आहे. पोटासाठी मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करतो, पण आमच्या कॉलनीत मला नावानं हाक मारणारा माणूस आता उरलेला नाही. दळणाचा डबा घेऊन निघालो की समोरून आरोळी येते, "काय बेल्जियम, गिरणी चालू हाय का?" शेजारी बॉयलरवरचा सखाराम राहतो, तो फिनलंड. त्याची म्हैस व्याली तेव्हा 'फिनलंडला रेडी झाली' ही बातमी पाच मिनिटांत टपरीपर्यंत पोचली, आणि नव्यानं आलेले एक शेतकी अधिकारी दोन दिवस ती पेपरात शोधत होते. खोटं वाटत असेल तर सखारामला विचारा. तो माझ्याहून जास्त वाढवून सांगेल.

हा सगळा युरोप गोदाकाठच्या काळ्या रानात वसवला तो रंगनाथनानांनी. नाना कारखान्याच्या गेस्ट हाऊसचे स्वयंपाकी. उंची पाच फूट, मिशी साडेपाच. नवीन टर्बाइन बसवायला साठीतला एक जर्मन इंजिनियर आला होता. तो पाच महिने नानांच्या हातचं जेवला. पहिल्या आठवड्यात नुसतं दही-भात, आणि शेवटच्या महिन्यात ठेचा असा खायचा की आम्हीच त्याला पाणी विचारायचो. जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ठेच्याचं की निरोपाचं, यावर अजून एकमत नाही. त्यानं नानांना एक पेटी दिली. उघडली की तीच रेकॉर्ड प्लेअर व्हायची, आणि तिच्यासोबत गठ्ठाभर लहान तबकड्या होत्या, एका बाजूला एकच गाणं असलेल्या. इंग्रजीत त्याला सिंगल म्हणतात. नाना म्हणायचे बशी. मोठी बारा-चौदा गाण्यांची तबकडी म्हणजे परात, आणि परातीचा नानांना मनापासून तिटकारा. "परातीत समदं कालवलेलं असतं. बशीत एकच पदार्थ. त्याला लपायला जागा न्हाई."

साहेबानं खुणेनं आणि मोडक्या हिंदीनं समजावलं होतं, की युरोपात गाण्यांची एक स्पर्धा होते. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो, बाकीचे देश त्याला गुण देतात, जास्तीत जास्त बारा. आणि स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. या शेवटच्या कलमावर नाना जे भाळले ते भाळलेच. "आपल्या लेकराला आपनच मार्क द्यायचे न्हाईत! हे ज्यानं काढलं, त्याला एकदा जेवू घालायचा हाय मला." त्यांची बायको जमनाकाकू भाकरी थापताना छान गुणगुणायची. एकदा तिनं विचारलं, "आन माझं कसं वाटतं?" नाना गंभीरपणे म्हणाले, "घरच्याला मार्क देता येत न्हाईत." काकूनं तव्यावरची भाकरी अशी उलटली की गेस्ट हाऊसची कौलं हलली.

मग नानांनी स्वतःच स्पर्धा भरवली. पेटीत एकाच सालच्या सोळा देशांची सोळा पाकिटं होती, म्हणून कॉलनीतले सोळा परीक्षक, एकेकाला एकेक देश. दिवस ठरलेला: गळीत हंगाम संपला की दुसऱ्या दिवशीची दुपार. सहा महिने रात्रंदिवस मिलची घरघर ऐकून कानाला तीच शांतता वाटायला लागते. ती थांबली की पहिल्यांदा कडुनिंबावरचा कावळा ऐकू येतो, घड्याळ ऐकू येतं, सखारामचं पोट ऐकू येतं. नाना म्हणायचे, "आज कान कोरे हायेत. आजच वाढायचं." बशीच्या मधलं भोक रुपयाच्या नाण्याहूनही मोठं, ते खुंटीवर बसेना, म्हणून वर्कशॉपमधल्या फिटरनं बाभळीचा गोल गट्टू करून दिला होता. तो बसवून, सुई ठेवून नाना डोळे मिटायचे. भाषा एकाचीही कुणाला कळत नव्हती. "ते बरंच हाय," नाना म्हणायचे. "बोल समजले की मानूस गळ्याकडं दुर्लक्ष करतो."

पण पहिल्याच वर्षी घोळ झाला. सोळावं पाकीट रिकामं निघालं. वर पिवळ्या कोटातल्या एका बाईचा फोटो, खाली देशाचं नाव मोनॅको, आणि आत हवा. साहेबानं ती बशी मागे ठेवून घेतली की प्रवासात कुठं पडली, कळायला मार्ग नव्हता. आम्ही म्हटलं, पंधरांत लावून टाका निकाल. नाना भडकले. "एक मानूस यायचा ऱ्हायलाय आन पंगत उठवायची?" त्यांनी वहीत पंधरा देशांचे गुण मांडले, मोनॅकोचा रकाना कोरा ठेवला आणि खाली लिहिलं, 'निकाल राखून ठेवला आहे.' मोनॅकोच्या खुर्चीवर कुणी बसेना. हा देश केवढा, तर आमच्या कारखान्याच्या एका गटाचा ऊस त्यात मावणार नाही. शेवटी नाना स्वतः मोनॅको झाले. "जिचं गानं न्हाई, तिच्या बाजूनं कोनीतरी बसाया पायजे."

तेव्हापासून नाना बशी शोधू लागले. नगरचा जुना बाजार, शिर्डीचे विदेशी भक्त, मशीन दुरुस्तीला येणारे गोरे फिटर, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. त्या शोधात दुसऱ्याच सालांच्या, दुसऱ्याच देशांच्या बश्या जमत गेल्या. लोकांना मी लाखभर सांगतो, खऱ्या दोनशे अकरा. प्रत्येक बशी ते रिठ्याच्या पाण्यानं धुवायचे, सावलीत सुकवायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाकिटात उभी ठेवायचे. "आडव्या ठिवल्या की वाकड्या होत्यात. मानसागत." दर हंगामानंतर नवी भरती आम्ही ऐकायचो. चार परीक्षक वारले, त्यांच्या मुला-सुनांची नावं सातबाऱ्यावर वारस लागावेत तशी देशांना लागली. मोनॅकोचा रकाना तेवढा कोरा.

माझी पुण्यातली मुलगी पूजा एकदा म्हणाली, "नाना, मोबाईलवर आत्ता लावते की ते गाणं." नानांनी तिचा हातच धरला. "नको गं बाय. त्यात कोन जिंकलं ते आधीच लिवलेलं आसंल. निकाल बघून पेपर तपासायचा व्हय? ती बाई सोता आली पायजे."

मग नानांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी जिने आणि मीठ बंद केलं. नानांनी जिने बंद केले. बिछान्यावर ती वही उशाशी असायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "मोनॅकोचा काय पत्ता?" त्यांना एवढंच हवं होतं, तो निकाल आपल्या हातानं लावायचा. पूजानं गुपचूप परदेशातल्या कुणा संग्राहकाला गाठलं आणि हंगाम संपायच्या चार दिवस आधी पार्सल आलं. नानांनी फोडलं, बशी उजेडात फिरवली, फुंकर मारली. "आली बघ," ते म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या मिशीचं टोक थरथरताना मी पाहिलं, आणि इथं मी वाढवून सांगत नाही.

त्या चार दिवसांत मी एक उद्योग केला. घरोघर फिरून सांगितलं, मोनॅकोला बारा द्यायचे. म्हातारा काठावर आलाय, त्याची बाई जिंकली पाहिजे.

"आन गानं भिकार निघालं तर?" सखारामनं विचारलं.

"कारखान्याच्या निवडणुकीत तू उमेदवाराचं गाणं ऐकतोस का? बिनविरोध करायचं."

ते सगळ्यांना पटलं. आमच्याकडे बिनविरोध म्हटलं की पुढचं समजावावं लागत नाही.

ठरलेल्या दुपारी मिल गप्प झालेली. नानांना खुर्चीत बसवलं. गट्टू बसला, सुई टेकली, गाणं जेमतेम तीन मिनिटं वाजलं. सखाराम पाठ खाजवत होता, काकू तांदूळ निवडत होती, मी नानांचा चेहरा बघत होतो. मग गुण सुरू झाले. नॉर्वे बारा. पोर्तुगाल बारा. बेल्जियम बारा. नवव्या बाराला नानांनी पेन खाली ठेवलं.

"फिनलंड, मधी काय वाजलं रं? बासरी का बाजा?"

"बासरी... बाजाच की, नाना."

"दोनी न्हाई." नानांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "ही काय संचालकाची निवडनूक हाय व्हय, बिनविरोध करायला? बावीस वरीस ती बाई दारात उभी. आत घेतली, तर एकानं बी तिच्याकडं बघितलं न्हाई. मला नगं तुमचे बारा. रद्द!"

त्यांनी सुई पुन्हा पहिल्यावर आणली. या वेळी कुणी पाठ खाजवली नाही. गाणं साधंच होतं. आवाज पातळ, घाईत, शेवटच्या ओळीआधी जरा थकलेला. आणि तिथं ती बाई एक श्वास घेते, तो सरळ कानात येतो, शेजारी बसल्यासारखा. पहिल्या वेळी मला तो ऐकूच आला नव्हता. मी सात दिले. सखारामनं चार. काकू म्हणाली, "बाई गुनाची हाय, पन चूल पेटती ठिवून आल्यागत गाती. पाच."

नानांनी बेरीज केली. सोळांत अकरावी. रकाना भरला, 'राखून ठेवला आहे' वर काट मारली आणि बशी फोटोच्या पाकिटात सरकवली. मुलीचा निकाल घेऊन आलेल्या बापासारखे हसले. "अकरावी. पर सोताच्या गळ्यावर आली." पहिला पोर्तुगाल आला होता. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. पोर्तुगाल अजून त्यावरून धुसफुसतो.

पुढचा हंगाम नानांनी पाहिला नाही. कामगार हॉलमध्ये शोकसभा झाली. एक साहेब म्हणाले देवमाणूस, दुसरे म्हणाले अन्नदाता, तिसऱ्यांना नानांचं नाव आठवेना तरी ते गहिवरले. बारा, बारा, बारा. माझ्या डोक्यात नानांचा आवाज आला: रद्द!

मी उठलो. म्हणालो, "नाना पिठल्यात मीठ जास्त टाकायचे आणि सांगितलं की दोन दिवस बोलायचे नाहीत. परात कधी न ऐकताच नापास करायचे. पण पंगतीला यायच्या राहिलेल्या एका माणसासाठी ते बावीस वर्षं थांबले. बेल्जियमकडून नऊ." आणि त्यांची वही उघडून नवं पान काढलं.

मागून सखाराम उठला. "फिनलंड, दहा. मला ठेचा कधी पुरा दिला न्हाई." नॉर्वेची सून म्हणाली, "आठ." पोर्तुगाल नाक पुसत म्हणाला, "अकरा." मी लिहीत गेलो. शेवटी सगळे काकूकडे बघायला लागले. ती पहिल्यापासून स्वित्झर्लंड.

काकूनं पदर सावरला.

"मला देता येत न्हाईत," ती म्हणाली. "घरचा मानूस हाय."

मी स्वित्झर्लंडचा रकाना कोरा ठेवला.